सुजलेल्या हातातला हिरवा चुडा

माझ्या पेशंटांना सकाळची भीती वाटते. जाग आली की डोळे मिटलेलेच ठेवायचे आणि पांघरुणाच्या आत हळूच मूठ मिटून पाहायची. मिटली तर देव पावला. नाही मिटली तर आज वेणी कोण घालेल, चहाचा कप कोण धरेल, सलवारची नाडी कुणाला बांधायला सांगायची, इथपासून दिवसाची सुरुवात. कोणी म्हणतं, "दीदी, मी तर हात बघतच नाही, आधी देवाचं नाव घेते." मी म्हणते, नाव जरूर घे बाई, पण हात गरम पाण्यात बुडवून घे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जबलपूरच्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर आता राइट टाउनच्या घरातल्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. या लांबलचक नावाचा अर्थ माझ्या सासरच्यांना शेवटपर्यंत कळला नाही. चुलतसासूबाई माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही दवाखान्यात लोकांची बोटं मोडते." बोटं मोडण्याचा पगार मिळतो हे ऐकून बायका माझ्याकडे जरा जपूनच बघायच्या.

माझ्याकडे जास्त करून येतात ते आमवाताचे हात. म्हातारपणी गुडघे झिजतात, तसलं हे दुखणं नव्हे. यात घरच्याच राखणदाराने घरच्यांवर काठी उगारावी तसं शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सांधे सुजतात, तापतात, आणि सूज बरेच दिवस राहिली की बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलायला लागतात. औषध डॉक्टर देतात, ते माझं काम नाही. माझं काम एवढंच, की आहे ते हलतं ठेवायचं आणि सरळ ठेवायचं. कोमट पाण्याच्या टबात हात ठेवायचा. बोटं लांब करायची, मग नुसती टोकं आकड्यासारखी वळवायची, मग अर्धी मूठ, मग पूर्ण. मग तळहात टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याकडे चालवत न्यायचं. बघणाऱ्याला वाटतं, हा काय व्यायाम झाला? पोरखेळ आहे नुसता. पण सुजलेल्या हाताने तो करून बघा, कपाळावर घाम येतो.

आणि मी ओरडते ते निराळं. कपडे पिळायचे नाहीत. कढई एका हाताने उचलायची नाही. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळव्याने फिरवायचं. सांधा तापलेला असेल त्या दिवशी जोर म्हणून लावायचा नाही. हे शेवटचं कोणालाच पटत नाही. एक रिटायर सुभेदार साहेब यायचे. रबरी चेंडू दाबून दाबून त्यांनी मनगटाचा पाव करून आणला होता. मी चिडले तर म्हणाले, "मैडम, दुश्मन को दबाओ नहीं तो सर पे चढ़ता है." मी म्हटलं, "साहेब, यहाँ दुश्मन कोई नहीं, आपका ही हाथ है." त्यावर खिडकीकडे बघत, एवढा मोठा माणूस, हळू आवाजात म्हणाले, "बस इतना कर दीजिए कि दाढ़ी अपने हाथ से बना लूँ. बहू से नहीं कहा जाता." या रोगातली खरी भीती ही आहे. दुखणं माणूस सोसतो. दुसऱ्याच्या हाताने जगावं लागेल, या विचाराने तो गळतो.

वंदनाला हीच भीती होती. वंदना काळे, आमच्याच भागातल्या शाळेत गणित शिकवते. पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत नीट बसलीही नाही. "दीदी, फळ्यावर लिहिताना खडू सुटतो हातातून. मुलं हसतात. हसू देत, पण हे असंच वाढत राहिलं तर मी शिकवणार कशी?" मी तिचे हात हातात घेतले. पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी गाठी आल्या होत्या, मनगट गरम लागत होतं. पण बोटं अजून सरळ होती. मी म्हटलं, "वेळेवर आलीस. आता मी सांगेन ते ऐकायचं आणि मास्तरीणपणा माझ्यापुढे करायचा नाही."

ऐकणारी होती. व्यायाम अगदी नेमाने करायची. अंगठीही पहिल्याच दिवशी काढून ठेवली. एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं, ते म्हणजे बांगड्या. माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते की काचेच्या बांगड्या काढा. सूज काही विचारून येत नाही, आणि बोटांच्या गाठी एकदा वाढल्या की बांगडी परत निघत नाही. वंदना म्हणाली, "आमच्या घरी सवाष्णीने हात मोकळा ठेवायचा नाही. माईंना चालत नाही." माई म्हणजे तिच्या सासूबाई. शेवटी तोड निघाली. मोठ्या मापाच्या, सैल, दोनदोनच बांगड्या दोन्ही हातांत घालायच्या. माई हो म्हणाल्या. मला वाटलं, चला, एक गड जिंकला.

मग तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखलं. सुधीरराव बँकेत आहेत. तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं, नागपूरला. आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की लोक नागपूर गाठतात. घरात ही धावपळ सुरू झाली आणि वंदनाचा आमवात असा उसळला की विचारू नका. सांधे लाल, रात्रभर झोप नाही. जाणं शक्यच नव्हतं. मुलगा निखिल पुण्याहून सुट्टी घेऊन आला आणि बापाला घेऊन नागपूरला गेला. वंदना माईंबरोबर घरी राहिली. मी फोनवर बजावलं, "आता फक्त विश्रांती. बोटं नुसती हळूच उघडायची आणि मिटायची, तीही गादीवर हात ठेवून." ती म्हणाली, "दीदी, माझं सोडा हो. त्यांचं नीट होईल ना?" मी म्हटलं, होईल. दुसरं काय म्हणणार?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या घरात काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी चप्पल न घालता धावले असते.

माईंनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून चुडीवाल्याला घरी बोलावून घेतलं. मुलाच्या छातीवर उद्या सुरी चालणार, आणि सुनेच्या हातात सैलसर दोन बांगड्या! त्यांच्या जिवाला ते सोसेना. सुनेचा हात भरला की मुलाच्या जिवाला बळ मिळेल. हिरवा चुडा, पूर्ण मनगटभर, अंगासरशी. वंदनाने नाही म्हटलं नाही. ती नंतर मला म्हणाली, "दीदी, त्या वेळी कोणी सांगितलं असतं की निखाऱ्यावर चाल, तर चालले असते."

बांगड्या भरताना काय करतात ते बायकांना सांगायला नको. पुरुष वाचकांसाठी सांगते. अंगठा तळव्यात दुमडायचा, चारही बोटांची मुळं एकमेकांत दाबायची, हात लांबट आणि बारीक करायचा आणि बांगडी वर सरकवायची. धडधाकट बाईलासुद्धा स्स करायला होतं. आणि इथे बोटांच्या मुळाशी जळते सांधे होते. जे सांधे मी महिनोन् महिने पिसासारखे सांभाळले, तेच त्या बिचाऱ्या चुडीवाल्याने सवयीप्रमाणे दाबले. त्याला काय माहीत? वंदना दातांत पदर धरून बसली होती म्हणे. माई पाठीवरून हात फिरवत होत्या, "झालं गं, झालं, एवढी एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी चहा घेत होते.

"दीदी, बोटं झोपली आहेत. उठूनच नाही राहिली."

"कोणत्या हाताची?"

"उजव्या. सगळीच. आणि नखं... कशीतरी दिसून राहिली हो."

"कशीतरी म्हणजे काय? रंग सांग."

फोनवर माईंचा आवाज आला, "जांभळट, बाई." मी चहा तसाच ठेवला. स्प्लिंटची पेटी स्कूटरवर ठेवली आणि निघाले. स्प्लिंट म्हणजे सांध्याला आधार द्यायला मी ज्या पट्ट्या बनवते त्या. त्यांचं सगळं सामान, पक्कडसुद्धा, या पेटीत असतं. ओमतीच्या चौकात गर्दीत अडकले. हॉर्न वाजवून वाजवून मी शेजारच्या ऑटोवाल्याला वैताग आणला. "दीदी, उड़ के जाओगी क्या?" तो म्हणाला. उडता आलं असतं तर गेलेच असते, भाऊ. इतकी वर्षं हात बघितले, पण हात जाईल अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दवाखान्यात आपल्या पाठीशी डॉक्टर असतात, सिस्टर असतात. इथे मी एकटी होते.

दार माईंनी उघडलं. देवापुढे समई तेवत होती, घरभर उदबत्तीचा वास. वंदना पलंगावर बसली होती, हात मांडीवर. मनगट आणि हाताची वरची बाजू पुरीसारखी फुगली होती आणि हिरव्या बांगड्या त्यात रुतल्या होत्या. काच आणि कातडी यांच्यात जागाच नव्हती. पुढे बोटं थंड, जांभळट. मी नख दाबलं. नख पांढरं होतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. नाही झालं. मी वाट बघत राहिले. मग कुठे थोडासा रंग आला.

"आधी काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"पहाटे निखिलचा मेसेज आला, पापाला आत नेलं म्हणून," वंदना म्हणाली. "मग मला वाटलं, हाताचं काय एवढं."

मी हात उशांवर उंच ठेवला. फ्रीजमधलं पाणी काढून कपड्याच्या घड्या ठेवल्या. जरा वेळाने खोबरेल तेल लावलं, हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली, म्हणजे बांगडी वरून सरकेल. बांगडी हलली, बोटांच्या मुळाशी आली आणि अडकली. मी अगदी जरासा दाब दिला, आणि वंदनाने अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. मी हात मागे घेतले. त्या सांध्यांवर जोर देणं म्हणजे उरलंसुरलं हातानेच मोडून टाकणं.

तिच्या डॉक्टरांना फोन लावला. नखांचा रंग सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, मग विचारत काय बसलात? बांगड्या कापा आणि लगेच इकडे घेऊन या."

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "तोडाव्या लागतील."

आपल्यात बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि मी तोडायची भाषा करत होते, तीसुद्धा नवरा ऑपरेशनच्या टेबलावर असताना.

"नाही," वंदना म्हणाली.

"अगं, हात जाईल."

"ते बाहेर येईपर्यंत थांबा. मग तोडा, कुऱ्हाडीने तोडा."

"ते बाहेर कधी येतील ते तुला माहीत आहे? मला माहीत आहे?" मी म्हटलं.

"डावा हात भरलेला आहे ना? तिथे सूज कमी आहे," मग मी माईंकडे वळून म्हटलं. "एकाच हाताच्या काढायच्या आहेत. माई, तुम्ही तरी सांगा हिला."

माई देवघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे स्वतःचे हात कितीतरी वर्षांपासून मोकळे. मला वाटलं होतं, त्या आता शास्त्र सांगतील आणि मी त्यांच्यावर तोफ डागेन. सगळं तोंडात तयार होतं माझ्या. काय ही अडाणी कामं, काय ही अंधश्रद्धा, शिकलेल्या घरात! पण त्या भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे दवाखान्यात होते ना बाई, तेव्हा नळावर माझी एक वाढली होती. मी कोणालाच नाही सांगितलं. संध्याकाळी हे गेले."

माझी तोफ तोंडातच राहिली. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. नळावर बांगडी लागल्याने माणूस मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या वेळी माझ्याच हातातल्या बांगड्यांवर माझी बोटं गेली. मी घाबरले होते. हात वाचला आणि तिकडे सुधीरराव गेले तर? या दोघींनी उघडपणे मला काही म्हटलं नसतं. पण माईंना आयुष्यभर माझी पक्कड दिसली असती. आणि वंदनाला? मी तिथून उठून जावं, कुणा सर्जनला हे करू द्यावं, असंही मनात आलं. म्हटलं, "चल, ऑटो बोलावते, दवाखान्यात जाऊ." वंदना म्हणाली, "तिथेही तोडतीलच ना? मी येत नाही." आणि तिने सुजलेला हात छातीशी धरला. लहान मूल खेळणं लपवतं तसा.

आम्ही तशाच बसलो. मी पाच-पाच मिनिटांनी नख दाबत होते. माई पोथी उघडून बसल्या होत्या, पान उलटत नव्हत्या. वंदनाचा फोन टीपॉयवर पडला होता आणि आम्ही तिघी त्याच्याकडे बघणार नाही असं ठरवल्यासारख्या त्याच्याकडेच बघत होतो.

मग वंदना म्हणाली, "दीदी, आता बरं वाटून राहिलं. दुखत नाही."

ज्या हाताने इतका वेळ आकांत केला तो हात गप्प होणं ही काही चांगली खबर नसते. मी तिच्या बोटाच्या टोकाला नखाने टोचलं. "काही कळतं?" "नाही." अजून जोरात टोचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बोटाकडे नाही. मी नख दाबलं, पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं.

मी पेटी उघडली. पक्कड काढली. आता तिचं ऐकायचं नाही, हात धरून ठेवावा लागला तरी चालेल, असं मी ठरवलंच होतं, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

स्क्रीनवर निखिलचं नाव. माईंनी पोथी बाजूला केली, फोन उचलायला हात पुढे नेला, आणि वंदना ओरडली.

"उचलू नका!"

माईंचा हात तिथेच थांबला.

"अगं, निखिल आहे. खबर आली आहे."

"म्हणूनच. माई, उचलू नका. दीदी, तोडा. आधी तोडा. लवकर!" तिने हात माझ्यापुढे धरला. "आत्ता मी माझ्या हातासाठी तोडून राहिले. उचलल्यावर काही वाईट कळलं, तर मग या कशासाठी तोडल्या ते लोक ठरवतील. मला नंतर नाही तोडायच्या, दीदी. मी सवाष्ण आहे तोवर तोडा."

मी माईंकडे बघितलं. माईंनी तो वाजणारा फोन उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि डोळे मिटून घेतले. त्यांनी बटण दाबलं नाही. फोन त्यांच्या पदरात वाजत राहिला.

स्प्लिंटच्या पातळ पट्टीची एक चिंचोळी फीत मी कापली, तेलात बुडवली आणि काचेखाली सरकवली, म्हणजे तुकडा कातडीत जाणार नाही. वर ओला टॉवेल गुंडाळला. पक्कड लावली. काच फुटायचा आवाज टॉवेलच्या आत अगदी बारीक आला, कोणी सुपारी फोडावी तसा. माझे हात थरथरू नयेत म्हणून मी कोपरं माझ्या बरगड्यांना टेकवली होती. एक बांगडी तुटली, दुसरी तुटली. तिसरी इतकी रुतलेली होती की फीत शिरेना. मी नखाने कातडी खाली दाबली आणि फीत पुढे ढकलली. जरासं रक्त आलं. फोन थांबला. मग लगेच पुन्हा सुरू झाला. पुन्हा फोन करतोय म्हणजे वाईटच असणार, असं माझ्या डोक्यात आलं, आणि मला खात्री आहे की त्या दोघींच्याही आलं असणार. वंदना नुसतं "पुढची, पुढची" म्हणत होती.

शेवटची तुटली. मनगटावर लालभडक वळ उठले होते. मी हात उंच धरला आणि नखांकडे बघत बसले. काही नाही. काहीच नाही. मग अंगठ्याच्या नखात हळूहळू रंग चढला, मग तर्जनीच्या. आणि मग वंदना कळवळली. "आई गं! दुखतंय, दीदी, जळून राहिलं!" रक्त परत फिरलं की आगच होते. दुखतंय हा शब्द मी नोकरीत हजारदा ऐकला असेल, पण त्या दिवशी तो ऐकून मला रडू कोसळलं.

"आता उचला," वंदना माईंना म्हणाली.

माईंना बटण दाबता येईना. मीच दाबलं आणि स्पीकर लावला.

"आजी! फोन काहून नाही उचलत तुम्ही लोक?" निखिल रडवेला झाला होता. त्याचं मराठी घाबरलं की हिंदीत घसरतं. "मैं कितना डर गया! पापा बाहर आ गए. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, अभी होश आने में टाइम लगेगा. मम्मी कहाँ है? मम्मी ठीक आहे ना?"

माई खाली बसल्या आणि टॉवेलमधला काचेचा एकेक तुकडा वेचून पदरात घेऊ लागल्या. झाडू लावू दिला नाही. मी म्हटलं, "माई, हाताला लागेल." त्या म्हणाल्या, "लागू दे, बाई."

मी वंदनाला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. हात वाचला. पण सूज उतरल्यावर लक्षात आलं, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाली लोंबत आहे, उचलायला सांगितलं तरी उचलत नाही. बोट वर ओढणारी जी दोरी मनगटावरून जाते, ती आमवाताने आधीच झिजलेली असते. त्या दाबादाबीत ती तुटली. पुढे नागपूरला ऑपरेशन करून ती जोडली. पूर्वीसारखी ती बोटं होणार नाहीत. हे मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. खडू आता ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरते, मी त्याच्यावर एक जाड नळी चढवून दिली आहे. अक्षर वाकडं येतं. मुलं हसतात का, ते मी विचारलेलं नाही.

सुधीरराव आता बरे आहेत. तेच तिला स्कूटरवर आणून सोडतात आणि बाहेर थांबतात. त्यांना त्या सकाळचं एवढंच माहीत आहे की सूज आली होती म्हणून बांगड्या काढाव्या लागल्या. माईंनी नवीन बांगड्यांचं नाव काढलेलं नाही. डाव्या हातात चुडा उतरवून पूर्वीच्याच दोन सैल बांगड्या, उजव्या मनगटाला हळदीत रंगवलेला दोरा. व्यायामाच्या वेळी तो सरकतो, मी काही बोलत नाही.

परवा ती आली होती. टबात कोमट पाणी होतं, तिचा उजवा हात त्यात होता, आणि मी तिचं करंगळीचं बोट माझ्या बोटाने वर उचलून सोडत होते. तिने ते एकटीने तिथे धरायचं, असा व्यायाम. धरता धरता तिने विचारलं, "दीदी, त्या दिवशी तुम्ही इतक्या घाबरलेल्या होत्या. माझ्या हाताला की त्यांच्या जिवाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या हातात तिचं बोट होतं.

"खरं सांगू? दोन्हींपेक्षा जास्त दुसऱ्याच गोष्टीला. सुधीरराव गेले असते तर तू मला आयुष्यात माफ केलं नसतंस, याला."

बाहेर त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला.

"नसतंच केलं," ती म्हणाली, आणि दुसरा हातही टबात सोडला.